पुढे डिस्क, मागे ड्रम : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील जुन्या पद्मिनी मोटारी आणि ब्रेकबलाचे संतुलन

प्रस्तावना

मुंबईतील अखेरची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदविली गेली. टॅक्सीसाठी ठरविलेली वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून नाहीशी झाली. खाजगी मालकीच्या पद्मिनींना हा नियम लागू नाही. खाजगी मोटारीची नोंदणी प्रथम पंधरा वर्षांची असते व पुढे वाहन सुस्थितीत असल्यास दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करता येते. त्यामुळे ठाणे (एमएच ०४) आणि कल्याण (एमएच ०५) या दोन परिवहन कार्यालयांच्या क्षेत्रात जिव्हाळ्याने सांभाळलेली एखादी पद्मिनी आजही दृष्टीस पडते.

अशा मोटारीच्या मालकासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो ब्रेकचा. घोडबंदर मार्गावर किंवा कल्याण-शीळ मार्गावर तिच्या पुढे-मागे धावणारी वाहने आजच्या काळातील असतात. भारतात २०१९ पासून नव्या मोटारींना चाक जाम न होऊ देणारी ब्रेकयंत्रणा सक्तीची आहे. पुढील मोटार ज्या अंतरात थांबते त्या अंतरात पद्मिनीला थांबता येत नाही. यावर सुचणारा सर्वपरिचित उपाय म्हणजे पुढील चाकांचे ड्रम काढून तेथे अलीकडच्या एखाद्या लहान मोटारीची डिस्क व कॅलिपर बसविणे. काम फार अवघड नसते. पेडल हलके लागते, गाडी सरळ थांबते आणि मालकाचे समाधान होते.

प्रस्तुत लेखाचा विषय या समाधानानंतर सुरू होतो. पुढील चाकांवर बदल केला तरी त्यातून उद्भवणारा धोका मागील चाकांवर असतो. म्हणजे ज्या चाकांना कोणी हातही लावलेला नाही, तेथे. हा धोका रोजच्या वाहतुकीत जाणवत नाही. रस्त्यावर एखादे मूल अचानक आडवे आले आणि पेडल पूर्ण जोराने दाबले गेले, म्हणजे तो पहिल्यांदा जाणवतो. यामागील भौतिकशास्त्र महाविद्यालयीन पहिल्या वर्षाच्या पलीकडचे नाही. त्यामुळे अन्य विद्याशाखांच्या वाचकांसही ते सहज अनुसरता येईल.

मोटारीची पार्श्वभूमी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याखाली मोटारी तयार होऊ लागल्या. १९६४ पासून येथे ‘फियाट ११०० डिलाइट’ बनू लागली. परवान्याचा काळ संपल्यावर तीच मोटार ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व नंतर ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावांनी विकली गेली. कल्याण-डोंबिवली परिसराचाही या उद्योगाशी संबंध आला. १९९०च्या दशकात प्रीमियर व प्यूजो यांच्या संयुक्त कंपनीची ‘प्यूजो ३०९’ ही मोटार कल्याणच्या कारखान्यात बनत असे. त्या प्रकल्पाचे आयुष्य अल्प ठरले, तो विषय निराळा.

पद्मिनीची मूळ रचना १९६०च्या दशकारंभीची आहे : १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, २३४० मिलिमीटरचे दोन आसांमधील अंतर, सुमारे ९०० किलोग्रॅम वजन आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. उल्लेखनीय बाब अशी, की इटलीत फियाटने १९६६ मध्ये याच वंशाची ‘११०० आर’ ही मोटार पुढील चाकांना डिस्क देऊन बाजारात आणली. भारतात मात्र ड्रमच चालू राहिले. म्हणजे आज ठाण्यातील गॅरेजात जो बदल केला जातो, तो या मोटारीच्या प्रकृतीला परका नाही. फरक एवढाच, की कारखान्यात असा बदल करताना मागील ब्रेक, मास्टर सिलिंडर आणि पेडल यांचा हिशेब एकत्र मांडला जातो. गॅरेजात बहुधा जो भाग चाकाच्या आत बसतो तो बसविला जातो.

थांबताना भार कोठे जातो

ब्रेक लावताच मोटारीचे नाक खाली झुकते, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. टायर व रस्ता यांच्यातील रोधक बल जमिनीच्या पातळीवर कार्य करते. मोटारीचा गुरुत्वमध्य मात्र जमिनीपासून अर्ध्या मीटरहून काहीसा उंच असतो. या अंतरामुळे मोटार पुढे कलंडू पाहते. पुढील चाकांवरील भार वाढतो, मागील चाकांवरील तेवढाच कमी होतो. किती भार सरकेल हे तीन राशींवर ठरते : मंदन, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन आसांमधील अंतर. ब्रेक कोणत्या प्रकारचा आहे याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही.

उदाहरणादाखल चालक व शेजारी एक प्रवासी असलेली पद्मिनी घेऊ. एकूण वजन १०५० किलोग्रॅम, गुरुत्वमध्याची उंची ०.५५ मीटर आणि स्थिर अवस्थेत पुढे ५२ टक्के, मागे ४८ टक्के भार, असे गृहीत धरले आहे. (हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी आहेत, प्रत्यक्ष मोटार वजनकाट्यावर एकेका आसाने उभी करून भाराची विभागणी मोजता येते.) ०.५५ ला २.३४ ने भागले असता ०.२३५ येतात. याचा अर्थ मंदन गुरुत्वत्वरणाच्या ०.३ पट असेल तर एकूण वजनाच्या सुमारे ७ टक्के भार मागून पुढे सरकतो आणि मागे ४१ टक्के उरतो. मंदन ०.८ पट झाले, म्हणजे कोरड्या रस्त्यावर जीव तोडून ब्रेक लावला, तर मागे केवळ २९ टक्के उरतो.

चाक किती रोधक बल सोसू शकते हे त्यावरील भारावर अवलंबून असते. म्हणून आदर्श ब्रेकयंत्रणेत मागील चाकांचा वाटा मंदनानुसार बदलत जावा लागतो : हलक्या ब्रेकला ४१ टक्के, कडक ब्रेकला २९ टक्के. साध्या द्रवचालित यंत्रणेत मात्र पुढील व मागील बलांचे गुणोत्तर सिलिंडरांच्या आकारांनी एकदाच ठरून जाते. एक स्थिर गुणोत्तर आणि एक सतत बदलणारी गरज, यांचा मेळ घालणे हेच ब्रेकसंतुलनाचे काम होय.

मागील चाक आधी जाम झाले तर

हा मेळ कोणत्या बाजूने चुकतो याला फार महत्त्व आहे. फिरते चाक रस्त्याला दोन प्रकारे धरते. ते वेग रोखते आणि बाजूला घसरण्यालाही विरोध करते. जाम झालेले चाक ज्या दिशेला मोटार सरकत असेल तिच्या नेमके उलट बल देते. बाजूचा आधार देण्याची त्याची क्षमता जवळजवळ संपते.

पुढील चाके आधी जाम झाली तर सुकाणूचक्र निरुपयोगी होते, पण मोटार सरळ पुढे घसरत राहते. चालकाने पेडल किंचित सैल केले की चाके पुन्हा फिरू लागतात व वळता येते. मागील चाके आधी जाम झाली तर गोष्ट वेगळी. बाणाच्या मागील टोकास पिसे असतात म्हणून बाण सरळ जातो. ती पिसे काढून टाकावीत तशी मोटारीची अवस्था होते. रस्त्याचा बाजूकडे असलेला उतार किंवा सुकाणूचक्राचा किंचित कल एवढ्या कारणानेही मागील भाग बाजूला सरकू लागतो, सरकला की आणखी सरकतो आणि एक-दोन सेकंदांत मोटार स्वतःभोवती फिरते. सामान्य चालकाला हे आवरणे शक्य होत नाही. समोरून येणाऱ्या वाहनापुढे मोटार आडवी येते, तिचे दार पुढे असते आणि दाराआड माणूस बसलेला असतो.

याच कारणास्तव मोटारींच्या ब्रेकविषयीच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या नियमावलीत, ०.१५ ते ०.८ पट मंदनाच्या सर्व मर्यादेत मागील आसाने पुढील आसाआधी रस्त्याची पकड संपवू नये, अशी अट घालण्यात आली आहे. गॅरेजात केलेल्या बदलासाठीही याहून चांगला निकष नाही.

ड्रम बलवान, डिस्क भरवशाची

डिस्क ब्रेक ड्रमपेक्षा ‘जोरदार’ असतो ही समजूत सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे आणि पुढील साऱ्या घोटाळ्याचे मूळ तिच्यात आहे.

ड्रममधील ब्रेक शू चाकाच्या फिरण्याच्या दिशेने ड्रमला टेकतो तेव्हा घर्षणच त्याला आणखी घट्ट ओढून घेते. ही स्वयंबलवर्धक क्रिया होय. चालकाने लावलेल्या बलाच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक घर्षणबल त्यामुळे मिळते. डिस्कवरील पॅड मात्र डिस्कला काटकोनात दाबले जातात. तेथे घर्षणाची मदत मिळत नाही. दोन्ही पॅड मिळून दाबाच्या साधारण पाऊणपट घर्षणबल हाती येते. ही उणीव भरून काढण्यासाठी कॅलिपरचा पिस्टन ड्रमच्या व्हील सिलिंडरपेक्षा कितीतरी मोठा असावा लागतो.

मग डिस्क घ्यावी कशासाठी? एक कारण उष्णता. इगतपुरीहून कसारा घाट उतरताना मोटार सुमारे ३०० मीटर खाली येते. १०५० किलोग्रॅमच्या मोटारीची ही स्थितिज ऊर्जा सुमारे ३१ लाख ज्यूल भरते. ती सगळी ब्रेकमध्ये गेली, चारही ड्रम प्रत्येकी सहा किलोग्रॅम ओतीव लोखंडाचे आहेत आणि उष्णता बाहेर पडलीच नाही असे धरल्यास त्यांचे तापमान सुमारे २८० अंश सेल्सिअसने वाढेल. प्रत्यक्षात खालच्या गिअरमधील इंजिन व वारा यांमुळे ते बरेच कमी वाढते. तरीही ड्रम तापला की प्रसरण पावून शूपासून दूर जातो, पट्ट्यांचे घर्षण घटते आणि पेडल खाली जाऊ लागते. डिस्क तापली तर पॅडच्या दिशेने फुगते व उघड्यावर असल्याने लवकर थंड होते.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. पॅडचा घर्षण गुणांक २० टक्क्यांनी वाढला तर डिस्कचे बल २० टक्क्यांनीच वाढते. ड्रममध्ये स्वयंबलवर्धनामुळे तेवढ्याच वाढीने बल २० टक्क्यांहून अधिक वाढते. म्हणून ड्रम लहरी असतो आणि डिस्क भरवशाची. पुढे डिस्क व मागे ड्रम अशी जोडी केली म्हणजे भरवशाचा भाग पुढे आणि लहरी भाग मागे येतो, हे लक्षात ठेवावे लागते.

एका रूपांतराचा हिशेब

समजा मूळ पुढील ड्रमचा व्हील सिलिंडर २५.४ मिलिमीटर व्यासाचा आहे. त्याचे क्षेत्रफळ ५.०७ चौरस सेंटिमीटर. बलवर्धन २.२ पट आणि ड्रमची त्रिज्या १२.५ सेंटिमीटर. या तिहींचा गुणाकार सुमारे १३९ येतो. हा आकडा म्हणजे तेलाच्या दर एकक दाबामागे मिळणाऱ्या रोधक आघूर्णाचे माप. आता तेथे एका लहान मोटारीची डिस्क बसविली : पिस्टन ४२ मिलिमीटर (क्षेत्रफळ १३.८५ चौरस सेंटिमीटर), घर्षणपट ०.७६, परिणामी त्रिज्या ९ सेंटिमीटर. गुणाकार सुमारे ९५. तेवढ्याच दाबाला पुढील ब्रेक आता पूर्वीच्या ६८ टक्केच काम करतो!

मूळ मोटारीत पुढे ६८ व मागे ३२ असे बलाचे वाटप होते असे मानू. मागील चाकांचा वाटा ३२ टक्के. स्थिर भार ४८ टक्के आणि दर एकक मंदनाला २३.५ टक्के घट, या हिशेबाने मागील भाराचा वाटा ३२ टक्क्यांवर येतो तो मंदन ०.६८ पट झाल्यावर. त्याच्या आत पुढील चाकेच आधी जाम होतील. साठ वर्षांपूर्वीच्या टायरांना याहून अधिक मंदन क्वचितच साधत असे, म्हणून ही रचना त्या काळास पुरेशी होती.

रूपांतरानंतर पुढील ६८ चे ४६ झाले, मागील ३२ तसेच राहिले. मागील वाटा आता ३२ भागिले ७८, म्हणजे ४१ टक्के. मर्यादेचे मंदन ०.६८ वरून थेट ०.३० वर घसरले. रोजच्या गर्दीत ०.३० पटीपर्यंत मंदन सहसा जात नाही, म्हणून काहीच बिघडल्याचे कळत नाही. परंतु घर्षण गुणांक ०.८ असलेल्या कोरड्या काँक्रीटवर पूर्ण जोराने ब्रेक लावला, तर मंदन ०.६४ पटीला पोहोचताच मागील चाके जाम होतात. त्या क्षणी पुढील चाकांनी आपल्या क्षमतेचा जेमतेम ७१ टक्के भाग वापरलेला असतो. मालकाने पैसे खर्च करून पुढे जी क्षमता बसविली, तिच्यातील तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास वापरली जाण्याआधीच मोटार फिरते.

चालक एकटाच असेल तर स्थिती आणखी वाईट. मागील स्थिर भार ४६ टक्क्यांवर आला तर मर्यादा ०.२२ पटीवर येते, आणि मग ओल्या रस्त्यावरही मागील चाकेच आधी जाम होतात. घाटात उतरताना ब्रेकबलाचा काही भाग केवळ गुरुत्वाकर्षण अडविण्यात खर्च होतो. एकास पंधरा उतारावर तेवढ्यानेच मंदनाची मर्यादा ०.०७ पटीने कमी होते. मागील आसनावर तीन प्रवासी व डिकीत सामान असताना मात्र मोटार नीट वागते. एकाच मोटारीविषयी मालक व त्याचे कुटुंबीय परस्परविरोधी अनुभव सांगतात, त्याचे कारण पुष्कळदा असे असू शकते.

बूस्टरचा भ्रम

वरील उदाहरणात एकूण ब्रेकबल १०० वरून ७८ वर आले आहे. पेडल जड लागेल. यावर निर्वात बूस्टर बसविला जातो आणि पेडल लोण्यासारखे मऊ होते. परंतु बूस्टर मास्टर सिलिंडरच्या आधी असतो. तो पुढील व मागील दोन्ही नळ्यांतील दाब सारख्याच पटीने वाढवितो. मागील वाटा ४१ टक्के होता तो ४१ टक्केच राहतो. फरक पडतो तो इतकाच, की मागील चाके जाम करण्यास पूर्वी जेवढा जोर लागत असे तेवढाही आता लागत नाही. बूस्टर दोष दुरुस्त करीत नाही, झाकतो. रूपांतरानंतर मोटारीच्या ब्रेकची जी वाखाणणी होते ती बहुतेक वेळा डिस्कची नसून बूस्टरची असते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

मास्टर सिलिंडरविषयी आणखी एक सूचना. जुन्या ड्रम यंत्रणेच्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत अल्पसा दाब राखून ठेवणारी झडप असू शकते. ड्रमच्या परतीच्या स्प्रिंगा शू मागे खेचतात, त्यामुळे तेथे हा दाब निरुपद्रवी असतो. डिस्कला अशा स्प्रिंगा नसतात. ती झडप तशीच राहिली तर पॅड डिस्कला घासत राहतात, पुढील ब्रेक तापतात आणि इंधनही अधिक लागते.

दुरुस्तीचे मार्ग

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे पुढील कॅलिपर पुरेसा मोठा निवडणे. वरील हिशेबात पिस्टन ४८ मिलिमीटर आणि परिणामी त्रिज्या १० सेंटिमीटर घेतली तर गुणाकार सुमारे १३८ येतो, जुन्या ड्रमइतकाच. मूळ संतुलन आपोआप टिकते. अडचण चौदा इंची चाकाच्या पोकळीत हे सर्व बसविण्याची असते.

दुसरा मार्ग मागील व्हील सिलिंडर लहान करण्याचा. १९.०५ मिलिमीटरऐवजी १५.८७ मिलिमीटरचा सिलिंडर घेतला, म्हणजे कारागिरांच्या भाषेत सहा सुतांऐवजी पाच सुतांचा, तर क्षेत्रफळ ६९ टक्के होते. मागील बल ३२ वरून २२ वर येते. वाटा २२ भागिले ६८, म्हणजे साडेबत्तीस टक्के. मर्यादा पुन्हा ०.६६ पट. एका स्वस्त भागाच्या अदलाबदलीने मोटार जवळजवळ मूळ पदावर येते. एकूण बल आता ६८ इतके उरल्याने येथे बूस्टर किंवा थोडा लहान मास्टर सिलिंडर खरोखरच लागतो. मास्टर सिलिंडर लहान केल्यास दाब वाढतो, पण पेडलचा प्रवासही लांबतो, हे गृहीत धरावे लागते.

तिसरा मार्ग मागील नळीत दाबनियंत्रक झडप बसविण्याचा. ठरावीक दाबापर्यंत ही झडप काहीच करीत नाही. त्यापुढे मागील दाब पुढील दाबाच्या मानाने सावकाश वाढू देते. बदलत्या गरजेशी मेळ घालण्याची कल्पना म्हणून ती उत्तम आहे आणि फिरवून जुळविता येणारी झडप बाजारात मिळते. परंतु तिच्यावर सर्व भिस्त ठेवणे योग्य नाही. झडप जेथून काम सुरू करते त्याच्या खालील भागात मूळ गुणोत्तरच चालते. ओल्या रस्त्यावरील सारा व्यवहार त्याच भागात होतो. कोरड्या रस्त्यावर जुळविलेली झडप जुलैमधील पावसात उपयोगी पडत नाही, कारण तिच्या कामाचा दाब तेथे येतच नाही. आधी सिलिंडरांच्या आकाराने गुणोत्तर आणावे, मग झडपेने शेवटची सफाई करावी, हा क्रम उचित ठरतो. पुढील नळीत अशी झडप बसविण्याचा प्रकार मात्र सर्वथा टाळावा.

मागेही डिस्क बसवाव्यात, हा चौथा पर्याय सुचविला जातो. त्यात हँडब्रेकचा प्रश्न नव्याने सोडवावा लागतो आणि संतुलनाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतोच. रस्त्यावर वापरायच्या पद्मिनीला त्याची आवश्यकता दिसत नाही.

पावसाळा

ठाणे जिल्ह्यात या विषयाला चार महिन्यांचे एक स्वतंत्र परिशिष्ट जोडावे लागते. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ड्रममध्ये पाणी शिरते व तेथे रेंगाळते. डिस्क मात्र दोन-चार फेऱ्यांत कोरडी होते. तेवढा वेळ मागील ब्रेक कमी लागतात. ब्रेकचे अंतर वाढते, पण मोटार फिरण्याचा धोका नसतो. उलट स्थिती सकाळी येते. रात्रभर दमट हवेत उभ्या राहिलेल्या मोटारीच्या ड्रमवर गंजाचा पातळ थर धरतो, पट्ट्या ओलावा शोषतात आणि पहिल्या काही ब्रेकना ड्रम एकदम पकडतो. संतुलन काठावर असलेल्या रूपांतरित मोटारीत नेमके तेव्हा मागील चाक जाम होऊ शकते. म्हणून हिशेबात मर्यादेच्या आत काही अंतर राखून ठेवणे इष्ट.

ब्रेक ऑइल हवेतील आर्द्रता शोषते. डॉट-३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषलेल्या अवस्थेसाठी मानकातील किमान मर्यादा १४० अंश आहे. डॉट-४ साठी हेच आकडे २३० व १५५ आहेत. कॅलिपरमध्ये ऑइल पॅडच्या अगदी पाठीशी असल्याने डिस्क बसविल्यावर ऑइलच्या प्रतीचे आणि ते वेळेवर बदलण्याचे महत्त्व वाढते.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनात मूळ उत्पादकाच्या विनिर्देशांशी विसंगत ठरणारा बदल करण्यावर निर्बंध आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निर्णयात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. त्यासाठी ते मूळ स्वरूपात राखलेले असावे लागते आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल चालत नाही. अशा नोंदणीनंतर ते दैनंदिन वापरास काढता येत नाही. आरंभीच्या पद्मिनी आता या वयोमर्यादेत येऊ लागल्या आहेत. त्यामुळे डिस्क बसविण्याआधी मोटार संग्रहासाठी राखायची की वापरायची हे मालकाने ठरवावे, आणि परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. काढलेले मूळ ड्रम व सिलिंडर भंगारात न देता जपून ठेवणे शहाणपणाचे.

तपासणी

रोलरवरील यांत्रिक तपासणीत प्रत्येक चाकाचे ब्रेकबल मोजता येते. डावे-उजवे चाक असमान लागत असल्यास ते तेथे तत्काळ कळते. पण रोलरवर मोटार स्वतः थांबत नसते, म्हणून भार पुढे सरकत नाही. मागील चाके तेथे निर्धास्त लागतात आणि मोटार उत्तीर्ण होते. रस्त्यावरील वर्तनाविषयी यावरून काहीच सिद्ध होत नाही. या यंत्राचा खरा उपयोग वेगळा आहे. पेडलवर सारखाच जोर ठेवून, चाके जाम होण्याआधीच्या टप्प्यात, पुढील दोन व मागील दोन चाकांच्या बलांची बेरीज घ्यावी. त्यावरून मागील वाटा मिळतो आणि तो वर दाखविलेल्या रीतीने भाराच्या हिशेबाशी ताडून पाहता येतो.

अखेरची परीक्षा वाहतुकीपासून पूर्णपणे अलग अशा बंदिस्त, सपाट आवारातच व्हावी. चारही टायरांच्या बाजूंवर खडूने जाड रेघ ओढावी, म्हणजे कोणते चाक आधी थांबते ते बाहेर उभ्या असलेल्या निरीक्षकास स्पष्ट दिसते. आरंभ ताशी २० किलोमीटर वेगाने करावा आणि ३०-४० च्या पलीकडे जाऊ नये. प्रथम चालक एकटा व डिकी रिकामी, कारण हीच सर्वांत प्रतिकूल अवस्था. मग पाचही माणसे बसवून. जमीन आधी कोरडी, नंतर पाण्याने भिजविलेली. प्रत्येक वेळी पुढील चाके आधी जाम व्हावीत. एखाद्याही वेळी मागील चाकांनी पहिला मान घेतला, तर झडपेचा स्क्रू फिरविण्याआधी मागील सिलिंडरचा व्यास तपासावा. पुढे नवे रेडियल टायर आणि मागे जुने, कडक झालेले टायर अशी जोडी असल्यास ही सारी मोजमापे व्यर्थ जातात. तपासणीआधी चारही टायर एकसारखे असणे आवश्यक आहे. मागील ब्रेक पट्ट्या बदलल्यानंतरही, नव्या पट्ट्या ड्रमशी जुळल्यावर, तीच परीक्षा पुन्हा घ्यावी लागते.